परदेशी रोगकिडींची सरकारी चौकशी : लोकांचीं निवेदनें व गुप्ततेची मर्यादा

पुण्याच्या आसपास १९५५ च्या सुमारास जें गाजरगवत प्रथम लोकांच्या नजरेस आलें, तें आज देशाच्या बहुतेक भागांत पडीक जमिनींत, बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेस माजलेलें आपण पाहतों. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं कर्नाटकांत प्रथम आढळली आणि त्याच सालीं ती महाराष्ट्रांतही येऊन पोंचली. परका शत्रु एकदां शिवारांत शिरला म्हणजे त्यास आवरण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथीं बसतो, आणि तो पुढील पिढीपर्यंतही संपत नाहीं. यास्तव शत्रु वेशीबाहेर आहे तोंच त्याची विचारपूस करणें हा शहाणपणाचा मार्ग होय.

या पूर्वचौकशीस हल्लीं जैवसुरक्षेची जोखीम-चौकशी असें म्हणतात. परदेशांतून एकादें फळ, बियाणें, रोप किंवा लांकूड आणण्याची मागणी आली म्हणजे त्याबरोबर कोणती कीड, कोणता रोग व कोणतें तण येण्याचा संभव आहे, तें येथें रुजेल काय, रुजल्यास किती नुकसान करील, आणि तें टाळण्यासाठीं कोणत्या अटी घालाव्या, याचा विचार सरकारी शास्त्रज्ञ करितात. कित्येक देशांत या चौकशीचा मसुदा लोकांपुढें ठेवून त्यांच्या हरकती व सूचना मागविण्याची रीत आहे. अशा वेळीं शेतकऱ्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात : माझ्या लिहिण्याचा कांहीं उपयोग होईल काय, आणि मीं लिहिलेलें कोण कोण वाचील? या दोन प्रश्नांचीं उत्तरें देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं ऑस्ट्रेलिया देश निवडला आहे. त्याचें एक कारण असें कीं, तेथील रीत कायद्यानें बांधलेली व पुष्कळशी उघड आहे. दुसरें कारण आमच्या वाचकांस अधिक जवळचें आहे. भारतांतील डाळिंब आपल्या देशांत येऊं द्यावें कीं नाहीं, याची चौकशी तेथील कृषिखात्यानें करून २०२० सालीं अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें सोलापूर भागांतील भगवा डाळिंबाचा ५.७ टन माल समुद्रमार्गें निघाला आणि जानेवारी २०२५ मध्यें सिडनीस पोंचला. म्हणजे तिकडील चौकशींत जें लिहिलें जातें, त्याचा परिणाम आमच्याकडील बागाईतदाराच्या पेटीवर होतो. ती रीत समजून घेणें हें त्याच्या हिताचें आहे.

चौकशी कशी चालते

ऑस्ट्रेलियांत १९०८ चा क्वारंटाइन कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होता. त्याच्या जागीं २०१५ चा जैवसुरक्षा कायदा १६ जून २०१६ पासून अंमलांत आला. या कायद्याप्रमाणें मोठी चौकशी सुरू करावयाची म्हणजे खातें प्रथम तशी जाहीर सूचना देतें. नंतर शास्त्रज्ञ कीडरोगांची यादी करून प्रत्येकाचा निरनिराळा विचार करितात. कीड मालाबरोबर येण्याचा संभव किती, ती बाजारांतून शेतापर्यंत जाण्याचा संभव किती, ती तेथें स्थिर होऊन पसरण्याचा संभव किती, अशा पायऱ्या ठरलेल्या असून प्रत्येक पायरीस ‘अधिक’, ‘मध्यम’, ‘अल्प’ येथपासून ‘नगण्य’ येथपर्यंत सहा प्रतींपैकीं एक प्रत लावितात. संभव आणि होणारें नुकसान यांची सांगड घालून जोखमीचा अंदाज निघतो. त्या देशानें आपलें धोरण असें ठरविलें आहे कीं, जोखीम अगदीं कमी असावी, पण ती शून्य असावी असा हट्ट धरूं नये. कारण शून्य जोखमीचा अर्थ सर्व व्यापार बंद, असाच होतो.

याप्रमाणें मसुदा तयार झाला म्हणजे तो प्रसिद्ध करितात, आणि कायद्याखालील मोठ्या चौकशींत लोकांस आपलें म्हणणें लेखी मांडण्यासाठीं निदान साठ दिवसांची मुदत देतात. निवेदन कोणीही पाठवावें : तेथील बागाईतदार, त्यांचे संघ, आयात करणारे व्यापारी, प्रांतिक सरकारें, विद्यापीठांतील शास्त्रज्ञ, आणि माल पाठवूं इच्छिणाऱ्या देशांतील लोकही. जागतिक व्यापार संघटनेचा वनस्पति व प्राणी यांच्या आरोग्यासंबंधींचा जो करार १९९५ पासून लागू आहे, त्यांतही नवीन निर्बंधांची सूचना इतर देशांस आगाऊ द्यावी, त्यांस मत देण्यास वाजवी अवधि द्यावा आणि त्या मतांचा विचार करावा, असें सांगितलें आहे. अंतिम अहवालांत आलेल्या मुख्य हरकती व त्यांवरील खात्याचीं उत्तरें यांचा गोषवारा दिलेला असतो. आपल्या म्हणण्याचें काय झालें हें निवेदकास तेथें पाहावयास मिळतें.

कोणत्या निवेदनाची किंमत होते

येथें एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. कारण तिच्याविषयींच्या गैरसमजामुळें पुष्कळ श्रम फुकट जातात. ‘परदेशी फळ आलें तर आमचा भाव पडेल’ हें म्हणणें कितीही खरें असलें, तरी या चौकशींत तें जमेस धरलें जात नाहीं. चौकशी रोगकिडीची आहे, बाजारभावाची नाहीं. रोग आल्यास होणारें पिकाचें नुकसान, फवारणीचा खर्च, निर्यातीचे बंद होणारे बाजार हीं सर्व विचारांत घेतात; परंतु निव्वळ स्पर्धेमुळें होणारा तोटा घेत नाहींत.

दुसरी गोष्ट अशी कीं, सह्यांच्या संख्येपेक्षां पुराव्याचें वजन अधिक असतें. न्यूझीलंडच्या सफरचंदांचें प्रकरण या बाबतींत बोधप्रद आहे. सफरचंद व नासपाती यांस ‘फायर ब्लाइट’ नांवाचा जिवाणूजन्य रोग होतो. त्यांत फांद्या आगीनें होरपळल्याप्रमाणें काळ्या पडतात. हा रोग न्यूझीलंडांत शिरल्यावर १९२१ सालीं ऑस्ट्रेलियानें तेथील सफरचंदें बंद केलीं. पुढें न्यूझीलंडनें वारंवार मागणी केली. २०००, २००४ व २००५ या सालीं एकामागून एक मसुदे निघाले, आणि ऑस्ट्रेलियन बागाईतदारांनीं कडाडून विरोध केला. नोव्हेंबर २००६ मध्यें अंतिम अहवाल आला. त्यानें दार उघडलें खरें, पण अटी इतक्या घातल्या कीं न्यूझीलंडनें २००७ सालीं तंटा जागतिक व्यापार संघटनेपुढें नेला. तेथील मंडळानें ऑगस्ट २०१० मध्यें व अपील-मंडळानें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत असा निर्णय दिला कीं, ज्या जोखीम-चौकशीवर या अटी उभारल्या आहेत तिला पुरेशा शास्त्रीय पुराव्याचा आधार नाहीं. ऑगस्ट २०११ मध्यें ऑस्ट्रेलियानें नवीन अटींवर आयातीस वाट मोकळी केली. बागाईतदारांची भीति खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि जी भीति पुराव्यानें सिद्ध करितां येत नाहीं, तिच्यावर बांधलेली भिंत वरिष्ठ न्यायासनापुढें टिकत नाहीं, एवढें यावरून ध्यानांत घ्यावें.

उलटपक्षीं मसुदा लोकांपुढें ठेवल्यानें सरकारच्याही चुका उघडकीस येतात. फिलिपाईन्समधील केळ्यांच्या चौकशींत २००४ सालीं मसुद्यामागील संगणकी कोष्टकांत गणिताची चूक आढळून आली व खात्यास दुरुस्तीची पुरवणी काढावी लागली. गणित बंद पेटींत राहिलें असतें तर चूकही पेटींतच राहिली असती.

उघड काय व गुप्त काय

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. सर्वसाधारण नियम असा कीं, आलेलें निवेदन हें सार्वजनिक समजलें जातें व खातें तें प्रसिद्ध करितें. एकादा भाग गुप्त राहावा अशी इच्छा असल्यास तसें निवेदकानें स्पष्ट सांगावें, त्या भागावर ‘गुप्त’ अशी खूण करावी, आणि शक्य तर तो वेगळ्या कागदावर द्यावा. बदनामीकारक मजकूर छापण्यास खातें बांधलेलें नाहीं. न्यूझीलंडांतही हाच सामान्य नियम आहे : निवेदन दिलें कीं तें सरकारी माहिती होतें, आणि १९८२ च्या सरकारी माहितीच्या कायद्याखालीं तें कोणीही मागूं शकतो, मात्र खाजगीपणा किंवा धंद्याचें न्याय्य हित यांस बाध येत असल्यास तेवढा भाग रोखून ठेवण्याची सोय आहे.

येथें वाचकांनीं एक मर्म ओळखावें. ‘गुप्त’ अशी खूण केली म्हणजे कागदास कुलूप लागलें असें होत नाहीं. ऑस्ट्रेलियांतही १९८२ सालचाच माहिती-स्वातंत्र्याचा कायदा आहे. कोणी तो कागद मागितला, तर तो खरोखर व्यापारी गुपित आहे काय, याचा विचार त्या वेळीं पुन्हां करावा लागतो. निवेदकाची खूण ही विनंति होय. अंतिम निर्णय कायद्याचा. जें कोणत्याही स्थितींत बाहेर जाऊं नये असें वाटतें, तें मुळांत लिहिणें अवश्य आहे काय, याचा विचार लेखणी उचलण्यापूर्वींच करावा हें बरें.

गुप्ततेस योग्य अशा गोष्टी थोड्या आहेत. निवेदकाचा पत्ता व दूरध्वनि, त्याच्या मालाचे करार व दर, एकाद्या कारखान्याची प्रक्रियेची विशिष्ट कृति, अप्रसिद्ध संशोधन, आणि कोणत्या गटांत कोणता रोग संशयित आहे याचा नेमका ठावठिकाणा, या त्यांतील मुख्य होत. वर सांगितलेल्या जागतिक करारांतही, ज्या माहितीच्या प्रकटनानें कायद्याच्या अंमलबजावणीस अडथळा येईल किंवा विशिष्ट धंदेवाल्याच्या न्याय्य व्यापारी हिताची हानि होईल, ती उघड करण्याची सक्ति कोणत्याही देशावर नाहीं.

परंतु ज्या आधारावर निर्णय उभा राहावयाचा तो आधारच गुप्त ठेवितां येतो काय? आमच्या मतें येथें सर्व वादाची मेख आहे. समजा, एका व्यापारी मंडळीनें लिहिलें कीं आमच्या शीतगृहांत इतके दिवस फळ ठेविलें म्हणजे अळी मरते, आणि प्रयोगाचे आंकडे गुप्त ठेवा असें सांगितलें. विरुद्ध बाजूच्या बागाईतदारानें त्यावर बोलावें तरी काय? किंवा समजा, बागाईतदारांच्या संघानें लिहिलें कीं आमच्या प्रांतांत अमुक कीड नाहीं याचे सर्वेक्षण आमच्यापाशीं आहे, पण तें कोणास दाखवूं नका. तर परदेशी शेतकरी त्याची परीक्षा कशी करणार? जो पुरावा दुसऱ्यास तपासतां येत नाहीं, त्याचें वजन कमी धरलें जातें. आणि तो मान्य करून निर्णय दिला, तर त्या निर्णयावरील विश्वास कमी होतो. म्हणून व्यक्ति व व्यापार यांसंबंधींचा तपशील झांकावा, पण शास्त्रीय युक्तिवाद व त्याचे आंकडे उघडे ठेवावे, हीच वाट सर्वांस हितकर आहे.

अति गुप्ततेचा परिणाम

सरकारनें राखलेली गुप्तता ही आणखी निराळी बाब. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतांत लोगन नदीच्या कांठीं कोळंबीचीं तळीं आहेत. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस तेथें पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानें कोळंबी मरूं लागली. या रोगाची ओळख आमच्या किनाऱ्यावरील कोळंबी-संवर्धकांस करून द्यावयास नको. रोग आटोक्यांत आणण्यासाठीं तळ्यांतील माल नष्ट करावा लागला आणि नदीकांठचा सारा धंदा बसला. जानेवारी २०१७ मध्यें कच्च्या कोळंबीची आयात तहकूब झाली.

पुढें जी चौकशी झाली तींत असें दिसून आलें कीं, कांहीं आयातदार नियम चुकवितात या संशयावरून खात्याची गुप्त तपासणी २०१६ च्या मार्चपासूनच चालू होती, आणि दुकानांत विकल्या जाणाऱ्या परदेशी कच्च्या कोळंबींत रोगाचा विषाणु आढळत होता. तथापि तळीं धारण करणाऱ्या शेतकऱ्यांस वेळेवर सावध केलें गेलें नाहीं. रोग नेमका कोणत्या वाटेनें तळ्यांत शिरला हें निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं. गुन्ह्याचा तपास चालू असतां संशयितास सुगावा लागूं नये, हें खात्याचें कारणही अगदींच असार नव्हतें. परंतु आयातदाराचें नांव न सांगतांही ‘बाजारांतील कच्ची कोळंबी दूषित आहे, तिचा आपल्या पाण्याशीं संपर्क येऊं देऊं नका’ एवढें सांगणें शक्य होतें. चोराचें नांव गुप्त ठेवावें; घरफोडी चालू आहे ही बातमी मात्र गांवास द्यावी. ज्याचें पीक पणास लागलें आहे, त्यास धोका कळण्याचा पहिला हक्क आहे.

याच्या उलट अशीही अडचण आहे कीं, शेतकरी स्वतःच रोग लपवितो. बागेंत परका रोग आला असें बोलल्याबरोबर व्यापारी फिरकत नाहीं व शेजारी बोट दाखवितो, हें भय सर्व देशांत सारखें. त्यावर ऑस्ट्रेलियानें केलेला उपाय लक्षांत घेण्याजोगा आहे. २००५ पासून तेथील सरकारें व पिकवार उत्पादक-संघ यांच्यामध्यें करार आहे. त्याप्रमाणें मंजूर झालेल्या निर्मूलन-योजनेंत ज्याचीं झाडें तोडावीं लागतात त्यास ठराविक भरपाई मिळते, आणि खर्चाचा वांटा सरकार व धंदा मिळून उचलितात. लवकर सांगणारा बुडत नाहीं अशी हमी असली, तरच लोक लवकर सांगतात. नुसत्या उपदेशानें किंवा दंडाच्या धाकानें हें साधत नाहीं.

आमच्या देशांतील स्थिति

आमच्याकडे १९१४ च्या विनाशक कीटक व रोग कायद्याखालीं २००३ चा वनस्पति-क्वारंटाइन आदेश लागू आहे. आदेशाच्या परिशिष्टांत नसलेला नवीन वनस्पति-माल जोखीम-विश्लेषण झाल्यावांचून आणितां येत नाहीं. केंद्र सरकारनें २०१४ सालीं ठरविलेल्या धोरणाप्रमाणें कायदे व नियम यांचे मसुदे निदान तीस दिवस लोकांपुढें असावे. परंतु राजपत्रांतील सूचना गांवच्या चावडीपर्यंत पोंचत नाहीं, आणि पोंचली तरी तिची भाषा सामान्य शेतकऱ्यास उमगत नाहीं, ही वस्तुस्थिति आहे. हें काम शेतकऱ्यांच्या संघांनींच अंगावर घेतलें पाहिजे.

लोकांचें म्हणणें उघडपणें ऐकण्याचें ठळक उदाहरण म्हणजे बीटी वांग्याचें. तो प्रश्न आयातीचा नव्हता, जनुक बदललेल्या बियाण्याच्या सुरक्षिततेचा होता; तथापि रीत जवळची आहे. जानेवारी व फेब्रुवारी २०१० मध्यें तत्कालीन पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनीं सात शहरांत जाहीर सभा घेतल्या; त्यांत आमचें नागपूरही होतें. शेतकरी, शास्त्रज्ञ व बियाणें-कंपन्या यांचें म्हणणें ऐकून ९ फेब्रुवारी २०१० रोजीं त्या वाणास स्थगिती देण्यांत आली, आणि निर्णयाचीं कारणें प्रसिद्ध झालीं. याच्या उलट २०१६ सालीं जनुक-परिवर्तित मोहरीच्या वेळीं सुरक्षिततेच्या अहवालाचा गोषवारा तीस दिवस लोकांपुढें ठेविला, परंतु मूळ कागदपत्र पाहावयाचे तर आगाऊ वेळ ठरवून दिल्लीस मंत्रालयांत जावें लागे. सोलापूरच्या किंवा अकोल्याच्या शेतकऱ्यास असें उघडेपण आणि गुप्तता यांत फरक तो काय वाटणार?

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें या बाबतींत तोल राखण्याचा यत्न केला आहे. व्यापारी गुपित देण्यास सरकारी खातें बांधलेलें नाहीं. पण व्यापक जनहितासाठीं तें उघड करणें जरूर आहे असें ठरल्यास तें द्यावें लागतें. शिवाय एकाद्यानें गुप्त म्हणून दिलेली माहिती दुसऱ्यानें मागितल्यास, खात्यानें पांच दिवसांच्या आंत मूळ देणाऱ्यास नोटीस द्यावी व नोटीस पोंचल्यापासून दहा दिवसांत त्यास आपलें म्हणणें मांडूं द्यावें, अशी तरतूद आहे. ज्यानें आपल्या बागेविषयीं कांहीं खाजगी माहिती सरकारास दिली असेल, त्यानें हा हक्क ध्यानांत ठेवावा.

निवेदन कसें लिहावें

आपल्या सरकारास असो किंवा आपल्या मालाची चौकशी करणाऱ्या परदेशी सरकारास असो, निवेदन लिहितांना पुढील गोष्टी पाळाव्या अशी आमची सूचना आहे.

(१) मुदतीची तारीख प्रथम पाहावी. मुदतीनंतर आलेलें उत्तम निवेदन मुदतींत आलेल्या साधारण निवेदनाइतकेंही उपयोगी पडत नाहीं.

(२) मसुद्यांतील कोणत्या प्रकरणावर व कोणत्या विधानावर आपला आक्षेप आहे, तें स्पष्ट लिहावें. ‘सर्वच चुकलें आहे’ असें लिहिणाऱ्यास उत्तर देणें खात्यास फार सोपें जातें.

(३) आपल्या शेतांतील नोंदी द्याव्या. डाळिंबावर तेल्या कोणत्या महिन्यांत दिसतो, कोणत्या हवामानांत वाढतो, छाटणीनंतर किती दिवसांनीं पहिला डाग आला, अशा तारीखवार नोंदी असलेली वही शास्त्रज्ञासही मोलाची असते. कारण प्रयोगशाळेंत त्या मिळत नाहींत.

(४) गुप्त ठेवण्याजोगा मजकूर निराळ्या कागदावर लिहावा, त्याचें कारण एका वाक्यांत द्यावें, आणि उघड प्रतींत त्या जागीं काय वगळलें आहे त्याची त्रोटक नोंद ठेवावी. सर्वच निवेदनावर ‘गुप्त’ असा शिक्का मारूं नये.

(५) शेजाऱ्याच्या बागेचा, किंवा एकाद्या व्यापाऱ्याचा, नांवानिशीं उल्लेख करून दोषारोप करूं नये. नियमभंगाची तक्रार करावयाची तर ती स्वतंत्र अर्जानें योग्य अधिकाऱ्याकडे करावी.

(६) आपल्या शेतांत अपरिचित रोग किंवा कीड दिसल्यास निवेदनाच्या मुदतीची वाट पाहूं नये. कृषि-अधिकाऱ्यास किंवा कृषि-विद्यापीठास त्याच दिवशीं कळवावें.

(७) एकट्यानें लिहिण्यापेक्षां संघानें लिहावें. दहा बागाईतदारांच्या नोंदी एकत्र करून दिल्या तर पुरावाही बळकट होतो, आणि कोणती नोंद कोणाच्या गटाची हें न सांगतां सर्वांची लाजही राखली जाते.

या शेवटच्या कलमाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. एकटा शेतकरी ‘बोललों तर भाव पडेल, न बोललों तर पीक जाईल’ अशा कात्रींत सांपडतो, आणि बहुधा गप्प बसतो. त्याचें नांव झांकून त्याचा अनुभव उघड करणें हें संघाचेंच काम आहे. ज्यांच्या संघांपाशीं गेल्या दोन-तीन हंगामांच्या रोगनोंदी असतील, त्यांनीं त्या आजच नीट लिहून ठेवाव्या. मसुदा प्रसिद्ध होईल त्या दिवसापासून मुदत मोजली जाते, आणि नोंदी कांहीं साठ दिवसांत तयार होत नाहींत. त्यांस हंगामच लागतात.